जुन्या गाडीचे ड्रम ब्रेक: आधी दुरुस्ती, मग सुधारणा

जुनी ॲम्बेसेडर, पद्मिनी किंवा जीप शेडमधून काढून पुन्हा रस्त्यावर आणायची म्हटली की नवीन माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "पुढं डिस्क ब्रेक बसवून टाकू काय?" माझं उत्तर दर वेळी तेच असतं. आहेत ते ड्रम आधी कंपनीतून निघाले तेव्हा जसे होते तसे करा, 500 किलोमीटर चालवा, मग डिस्कचं बोलू. जुन्या गाडीचे ब्रेक कमजोर लागतात त्याचं कारण बहुतेक वेळा ड्रमच्या आतच सापडतं. वर्षानुवर्षं कुणी ते उघडलेलंच नसतं. त्यावर खर्च न करता पुढं डिस्क लावले, तर मागचे कुजके पाइप आणि अडकलेले सिलिंडर तसेच राहतात आणि गाडी पूर्वीपेक्षा जास्त धोकादायक होते.

हे सगळं चारही चाकांना हायड्रॉलिक ड्रम असलेल्या गाड्यांबद्दल आहे: जुन्या ॲम्बेसेडर, फियाट 1100 आणि तिचीच पुढची पद्मिनी, महिंद्राच्या सीजे-3बीसारख्या जीप. नंतरच्या काही ॲम्बेसेडरना पुढे डिस्क आले होते. तुमची तसली असेल तर यातलं फक्त मागच्या चाकांचं तुमच्या कामाचं.

ड्रमच्या आत काय चालतं

पेडल दाबलं की मास्टर सिलिंडर ब्रेक ऑइल ढकलतो, ते पाइपातून प्रत्येक चाकाच्या व्हील सिलिंडरमध्ये जातं, तिथले पिस्टन शू, म्हणजे ड्रमच्या आतल्या दोन कमानीसारख्या पट्ट्या, बाहेर ढकलतात आणि शूवरचा लायनर, म्हणजे घासणारा थर, फिरत्या ड्रमला घासतो. यात समजून घेण्यासारखी एक खुबी आहे. ड्रम ज्या दिशेनं फिरतो त्या दिशेला तोंड असलेला शू ड्रमच्या ओढीनं आपोआप आणखी घट्ट दाबला जातो. त्याला लीडिंग शू म्हणतात. दुसरा, ट्रेलिंग शू, उलट मागे ढकलला जातो. या आपोआपच्या जोरामुळेच बूस्टर (पायाचा जोर वाढवणारं साधन) नसतानाही जड ॲम्बेसेडर एका पायानं थांबायची. काही गाड्यांत पुढच्या चाकाला दोन व्हील सिलिंडर देऊन दोन्ही शू लीडिंग केलेले असतात. अशी गाडी पुढे जाताना छान थांबते आणि रिव्हर्समध्ये ब्रेक मऊ लागतो. तो बिघाड समजू नका.

जोर आपोआप वाढतो म्हणूनच फरकही आपोआप वाढतो. एका चाकात जरासं तेल, दुसऱ्यात जरा जास्त फट, एवढ्यावर गाडी एका अंगाला खेचते. ड्रमला दोन्ही बाजू सारख्या लागतात. काम करताना ही एक गोष्ट धरून ठेवली तर अर्धं कोडं सुटतं.

उघडण्याआधी पेडलला विचारा

पाना हातात घेण्याआधी गाडी सपाट जागी उभी करा आणि इंजिन बंद ठेवून पेडल दाबून पाहा.

पेडल खोल जातं, पण दोन-तीनदा भराभर मारलं की वर येऊन कडक लागतं, तर शू आणि ड्रममधली फट वाढली आहे. ॲडजस्ट केलं की झालं. वर येऊनही स्पंजासारखं दबतं, तर लाइनमध्ये हवा आहे. एकसारखा दाब देऊन अर्धा मिनिट धरल्यावर पेडल हळूहळू खाली उतरत गेलं, तर कुठून तरी तेल गळतं आहे किंवा मास्टर सिलिंडरच्या आतला रबरी कप तेल मागे सोडतो आहे. बाहेर कुठेच ओल नाही आणि मास्टरच्या टाकीतलं तेलही कमी होत नाही, म्हणजे मास्टरच. ही गाडी मास्टर दुरुस्त होईपर्यंत रस्त्यावर काढू नका, बाजारापर्यंतही नाही.

पेडल दगडासारखं कडक आणि गाडी थांबत नाही, तर लायनर काचेसारखा गुळगुळीत झाला असेल, त्याला तेल लागलं असेल किंवा पिस्टन गंजून अडकले असतील. गाडी डावीकडे खेचत असेल तर नवशिका डावं चाक उघडतो. आधी उजवं उघडा. बहुतेकदा तिथलाच ब्रेक धरत नसतो. पेडल पायाखाली हलकं धडधडत असेल तर ड्रम गोल राहिलेला नाही.

चाक जाम राहतं त्याचा शोध मात्र नीट क्रमानं घ्यावा लागतो. ब्रेक मारून सोडा, चाक उचला. फिरत नाही? रबरी होज पाइप जिथं लोखंडी पाइपाला जोडलेला आहे तो जोड जरासा सैल करा. चाक मोकळं झालं, तर दाब मागून अडकला आहे: मास्टरचं बारीक परतीचं भोक बुजलंय किंवा पेडलला मोकळा खेळच नाही. मोकळं झालं नाही, तर जोड पुन्हा आवळून चाकाचं हवा काढायचं निप्पल सोडा. आता मोकळं झालं तर होज पाइप आतून फुगून बंद झाला आहे. तो बाहेरून नवाकोरा दिसतो, पेडलच्या जोरानं तेल पुढं जाऊ देतो आणि परत येऊ देत नाही. निप्पल सोडूनही चाक अडूनच राहिलं तर दोष ड्रमच्या आत आहे: थकलेली स्प्रिंग, अडकलेला पिस्टन किंवा गंजलेली हँडब्रेकची केबल. एवढं तपासायला फार वेळ लागत नाही आणि नको ते सुटे भाग घेणं टळतं. जोड आणि निप्पल उघडलेत, तर शेवटी त्या लाइनची हवा काढावीच लागेल.

चाक उचलताना

काळ्या मातीवर जॅक लावू नका. उन्हाळ्यात भेगाळलेली आणि पावसात लोण्यासारखी ही जमीन जॅकखाली कधी दबेल सांगता येत नाही. फरशी किंवा जाड फळी घाला, गाडी स्टँडवर टेकवा आणि जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा.

जीपवाल्यांसाठी वेगळी सूचना. जुन्या जीपचा हँडब्रेक चाकात नसतो. तो ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या पेटीच्या) मागे, प्रॉपेलर शाफ्टवरच्या लहान ड्रमवर असतो. मागचं एक चाक हवेत उचललं की डिफरेन्शियलमुळे शाफ्ट अडकलेला असूनही हवेतलं चाक उलटं फिरू शकतं आणि जमिनीवरचं चाक पुढं सरकू शकतं. हँडब्रेक पूर्ण ओढलेला असताना जीप जॅकवरून घसरते ती अशी. दगड लावल्याशिवाय जीपचं मागचं चाक उचलूच नका.

ड्रम काढणं

हँडब्रेक सोडा, ॲडजस्टर मागे फिरवून शू आत घ्या, ड्रमवरचे पेचाचे स्क्रू काढा आणि लाकडी किंवा रबरी हातोडीनं ड्रमच्या कडेला गोल गोल ठोका. गंज धरलेल्या स्क्रूंना आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. काही जुन्या जीपच्या मागच्या अॅक्सलवर हब टेपरवर बसलेला असतो आणि त्याला पुलरच लागतो. बिडाच्या ड्रमवर लोखंडी हातोडा चालवला तर तो तडकतो, आणि जुन्या गाडीचा चांगला ड्रम आता सहज मिळत नाही.

ड्रम निघाला की आतली काळी पूड फुंकू नका, कॉम्प्रेसरची हवा तर अजिबात मारू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं आणि त्याचे तंतू फुप्फुसात गेले की बाहेर येत नाहीत. पाण्याचा फवारा मारून पूड ओली करा, फडक्यानं पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका. नाकातोंडाला चांगला मास्क हवा, नुसता दुपट्टा पुरत नाही. लेकरं जवळ नकोत. कित्येक मिस्त्री वर्षानुवर्षं हवा मारत आले आहेत, तरी तुम्ही मारू नका.

मग ओल शोधा. बॅकप्लेट, म्हणजे ड्रममागची न फिरणारी तबकडी, ओली असेल तर ते ब्रेक ऑइल आहे की अॅक्सलचं तेल, हे ठरवायची सोपी रीत: बोटाला घेऊन पाण्याच्या वाटीत सोडा. ब्रेक ऑइल पाण्यात विरघळतं, अॅक्सलचं तेल वर तरंगतं, शिवाय त्याला गंधकासारखा उग्र वास असतो. ब्रेक ऑइल असेल तर व्हील सिलिंडर, दुसरं असेल तर अॅक्सलचा ऑइल सील. सील न बदलता नवे लायनर बसवले तर तेही तेलात भिजतील.

तेल प्यालेला लायनर पेट्रोलनं धुऊन किंवा जाळून पुन्हा वापरायची पद्धत गावोगावी आहे. ती सोडा. तेल आत मुरलेलं असतं. ब्रेक तापला की पुन्हा वर येतं. जुन्या शूवर नवा लायनर रिव्हेट करून देणारे कारागीर नागपूर, अमरावती, अकोल्यासारख्या शहरांत सापडतात, म्हणून जुने शू भंगारात टाकू नका. एका बाजूचा लायनर बदलला तर त्याच अॅक्सलच्या दुसऱ्या बाजूचाही बदला. रिव्हेटचं डोकं लायनरच्या पृष्ठभागाजवळ आलं की तो संपला समजा. डोकं ड्रमला लागलं की ड्रममध्ये चर पडते.

ड्रमला खोल चरे असतील किंवा तो अंडाकृती झाला असेल तर लेथवर मारून घ्या, दोन्ही बाजूंचे सारखेच. पण मर्यादा असते. पुष्कळ ड्रमवर कमाल व्यास कोरलेला असतो. त्यापुढं मारलेला ड्रम पातळ पडतो, लवकर तापतो आणि फुटू शकतो.

नवा लायनर बसवल्यावर बरेच जण थेट गाडी जोडतात. त्याआधी एक तपासणी करा. लायनरवर खडू फासा, ड्रम चढवा, शू हलकेच टेकेपर्यंत ॲडजस्ट करा, ड्रम हातानं फिरवा आणि पुन्हा काढा. जिथं खडू पुसला तिथं लायनर ड्रमला टेकतो. फक्त दोन टोकांना पुसला असेल तर लायनरची गोलाई ड्रमपेक्षा उथळ आहे; असा ब्रेक किंचाळतो आणि अचानक पकडतो. फक्त मधे पुसला असेल तर काही दिवसांत बसून जाईल. टोकांना टेकत असेल तर मात्र टोकांचा भाग पॉलिश पेपरनं किंवा लेथवाल्याकडून घासून घ्या. तेव्हाही मास्क लावाच.

स्प्रिंग काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या आणि एका वेळी एकच बाजू उघडा. दुसरी बाजू नमुना म्हणून समोर राहते. बॅकप्लेटवर शू जिथं घासतो त्या उंचवट्यांवर उष्णता सोसणारं ग्रीस बोटानं अगदी पातळ पुसा. जास्त लावलं तर वितळून लायनरवर जाईल.

सिलिंडर आणि पाइप

व्हील सिलिंडरची रबरी टोपी उचला. आत ओल दिसली तर किट, म्हणजे आतल्या रबरांचा संच, बदलायची वेळ आली. सिलिंडर खोलून आतली भिंत नखानं तपासा. हलका डाग बारीक पेपरनं जाईल. नखाला खड्डा लागला तर नवं किट टाकूनही तो गळेल. सिलिंडरच बदला किंवा आत स्लीव्ह (धातूची नवी नळी) घालून घ्या. रॉकेल, पेट्रोल, डिझेल, इंजिन ऑइल, साधं ग्रीस यांतलं काहीही या रबरांजवळ न्यायचं नाही. खनिज तेलानं रबर फुगतं आणि पिस्टन जागीच अडकतो. धुवायला स्पिरिट किंवा ताजं ब्रेक ऑइल, बसवताना ब्रेक ऑइल किंवा रबरासाठीचं खास ग्रीस. मास्टरच्या टाकीत चुकून दुसरं तेल पडलं असेल तर नुसतं तेल बदलून भागत नाही. लाइन धुवा आणि प्रत्येक रबर, होजसकट, बदला.

लोखंडी पाइप शेण-माती साचते तिथं, अॅक्सलवर आणि क्लिपांखाली, आतबाहेर गंजतात. फडक्यानं घासून पाहा. पापुद्रे सुटत असतील तर बदला. फ्रिजवाल्याकडचा साधा तांब्याचा पाइप लावू नका, थरथरीनं तो कडक होऊन तडकतो. ब्रेकचाच पाइप आणि दुहेरी फ्लेअर (दोनदा दुमडून रुंद केलेलं टोक) घ्या.

ॲडजस्ट आणि हवा

आधी ॲडजस्ट, मग हवा. उलटं केलं की पेडल कधीच वर येत नाही. काही गाड्यांचा ॲडजस्टर बॅकप्लेटमागे चौकोनी किंवा षटकोनी डोक्याचा असतो, काहींचा ड्रमच्या भोकातून पेचकस घालून फिरतो. जीपला वरती एक्सेंट्रिक (शूला बाहेर ढकलणारी तिरकस चकती) आणि खाली अँकर बोल्ट (शूचं खालचं टोक अडकवणारा), दोन्ही फिरतात. अँकरला हात लावायची गरज शू नवे असतील तेव्हाच. चाक अडेपर्यंत आवळा, पेडल एकदा जोरात दाबून शू मधोमध बसवा, पुन्हा आवळा, मग चाक मोकळं फिरेपर्यंत मागे घ्या. बारीक घासल्याचा आवाज चालेल. हँडब्रेकची केबल सगळ्यात शेवटी. केबल आवळून शूची फट झाकायची नाही.

हवा काढताना मास्टरपासून सर्वात लांबच्या चाकापासून सुरुवात. आपल्याकडच्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीला बहुधा मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. निप्पलवर पारदर्शक नळी, तिचं दुसरं टोक बाटलीतल्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवलेलं. एक माणूस आत, एक चाकाशी, आणि दोघांचं बोलणं ठरलेलं असावं:

"काकाजी, दाबू काय?"
"दाब. हळू. ठेव तसाच."
"खाली टेकला जी. सोडू काय?"
"थांब न, निप्पल बंद करू दे... हं, सोड आता."

निप्पल उघडं असताना पाय उचलला की तीच हवा परत आत. नळीत बुडबुडे थांबेपर्यंत करा आणि मधे मधे मास्टरची टाकी भरत राहा. ती रिकामी झाली तर पुन्हा पहिल्यापासून.

ऑइल डॉट 3 किंवा डॉट 4 दर्जाचं, सीलबंद डब्यातलं. ते हवेतला ओलावा ओढून घेतं. मानकाप्रमाणे डॉट 3 चा उकळबिंदू नवं असताना किमान 205 अंश, ओलावा शोषल्यावर 140. डॉट 4 चा 230 आणि 155. दोन पावसाळे शेडमध्ये उघडा पडलेला डबा वापरू नका आणि गाडीतलं ऑइल दर दोन वर्षांनी बदला. सिलिकॉनचं डॉट 5 यात मिसळायचं नाही. डॉट 3 किंवा 4 गाडीच्या रंगावर सांडलं तर लगेच पाणी ओता, नाहीतर पत्रा उघडा पडेल.

आता सुधारणा

माझ्या मते पहिला पैसा टँडम मास्टर सिलिंडरवर खर्चावा. जुन्या गाड्यांत एकच सर्किट असतं: एक होज फुटला की चारही चाकांचे ब्रेक एका क्षणात गेले. टँडममध्ये पुढची आणि मागची लाइन वेगळी होते. एक गेली तरी दुसरी उरते. बोअरचा व्यास मूळ मास्टरच्या जवळचा निवडा. मोठा घेतला तर पेडल कडक होतं आणि पाय जास्त लागतो, लहान घेतला तर पेडल खोल जातं. पुशरॉड (पेडलपासून मास्टरपर्यंतचा दांडा) आणि पिस्टनमध्ये सुमारे 1 मिलिमीटर मोकळी फट ठेवाच, नाहीतर परतीचं भोक झाकलं जाऊन गाडी तापता तापता स्वतःच जाम होईल.

दुसरा खर्च व्हॅक्यूम बूस्टरचा. पाय कमी लागतो. ब्रेकची मूळ ताकद मात्र तेवढीच राहते. इंजिन बदलून डिझेलचं टाकलेल्या गाडीला मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम मिळत नाही, वेगळा पंप लागतो.

डिस्कचं सगळ्यात शेवटी. डिस्कला लीडिंग शूसारखा आपोआपचा जोर नसतो, म्हणून बूस्टर जवळजवळ अनिवार्य. ड्रमच्या लाइनमध्ये बहुधा थोडा दाब कायम धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. पुढच्या डिस्कच्या लाइनमध्ये तो राहिला तर पॅड सतत घासत राहतील. पुढचे-मागचे जुळले नाहीत तर मागची चाकं आधी लॉक होऊन गाडी फिरते. शिवाय मोटार वाहन अधिनियम 1988 चं कलम 52 गाडीतल्या बदलांवर बंधनं घालतं, तेव्हा आरटीओत आधी विचारा. 50 वर्षांहून जुनी गाडी 2021 च्या नियमांखाली विंटेज म्हणून नोंदवायची असेल तर ती मूळ रूपात असणं ही अटच आहे.

घाट, रपटा आणि पहिली फेरी

परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढायला मजा येते, ब्रेकची परीक्षा उतरताना होते. 700 मीटर उतार फक्त ब्रेकवर उतरलात तर ड्रमना जी उष्णता पचवावी लागते ती 80 च्या वेगावरून पंचवीसहून जास्त वेळा पूर्ण थांबण्याइतकी आहे, गाडीचं वजन कितीही असो. तापलेला ड्रम फुगून शूपासून दूर जातो, लायनरची पकड सुटते आणि पेडल खोल जाऊ लागतं. म्हणून चढताना जो गिअर लागला त्याच गिअरमध्ये उतरा, ब्रेकवर पाय टेकवून ठेवू नका. थोडं जोरात मारा, सोडा, थंड होऊ द्या. वास आला तर बाजूला थांबा. गरम ड्रमवर पाणी ओतू नका, तडकतो.

रपट्यावरून पाण्यातून गेलात किंवा चिखलाच्या पांदणीतून आलात तर पुढची काही मिनिटं ब्रेक नाहीतच असं धरून हळू चालवा, पेडल हलकं दाबत ड्रम सुकवा. काळा चिखल आत गेला असेल तर सुकून लायनर घासतो. आठवडाभरात ड्रम उघडून साफ करा.

दुरुस्तीनंतरची पहिली फेरी मोकळ्या, सपाट मैदानात, 20 च्या वेगानं. मग रिकाम्या रस्त्यावर 40. नवे लायनर बसेपर्यंत दणका देऊ नका. परत आल्यावर प्रत्येक ड्रमजवळ हात न्या, लावू नका: एकच जास्त तापलेला असेल तर तो घासतोय, एकच थंड असेल तर तो कामच करत नाही. 300 किलोमीटरनंतर पुन्हा ॲडजस्ट करा. आणि पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी ठेवणार असाल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका. गिअरमध्ये टाका, चाकांना दगड लावा, नाहीतर ओलीनं शू ड्रमला चिकटून बसतात.